बाडरची सोलर फिल्म : ठाण्यात दोन वर्षं वापरून

गच्चीवर टेलिस्कोप लावला, तोही सकाळी सूर्याकडे, की सोसायटीतलं कोणी ना कोणी येऊन विचारतंच, अहो हे डोळ्याला चालतं का, कुठून आणलं, आमच्याकडे पण एक टेलिस्कोप पडलाय त्याला लावता येईल का. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं, कारण ह्या विषयात अर्धवट सांगणं धोक्याचं आहे. तर प्रॉडक्ट म्हणजे बाडर प्लॅनेटेरियम ह्या जर्मन कंपनीची अ‍ॅस्ट्रोसोलर सेफ्टी फिल्म, ओडी ५.० (ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, फिल्म किती उजेड अडवते त्याचं माप), ए-फोर साइजची शीट, म्हणजे २० बाय २९ सेंटिमीटर. डिसेंबर २०२३ मध्ये घेतली, तेव्हापासून माझ्या ७० मिमीच्या रिफ्रॅक्टरवर (पुढे भिंग असलेला टेलिस्कोप) आणि १३० मिमीच्या न्यूटोनियनवर (आत आरसे असलेला) वापरतेय. माझ्याकडून पाचपैकी पाच, पण हे पाच फिल्मचे आहेत. फिल्म ही नुसती शीट असते, ती टेलिस्कोपवर कशी बसते ते सगळं आपल्या हातात, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे, त्यामुळे ह्यातला बराच भाग बसवण्याबद्दलच असणार, कृपया तो गाळून पुढे जाऊ नका.

आधी ही घ्यायची वेळ का आली ते. २६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण आठवतंय ना, केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती होतं आणि आपल्याकडे खंडग्रास, सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला होता. आमच्याकडे तेव्हा ६० मिमीचा एक छोटा टेलिस्कोप होता, भाच्याला वाढदिवसाला कोणीतरी दिलेला, आणि त्याच्या डब्यात एक गडद हिरव्या काचेचा बटणाएवढा फिल्टर होता, आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, खालच्या टोकाला स्क्रू करायचा, वर ‘सन’ असं छापलेलं. छापलंय म्हणजे चालत असणार असं धरून आम्ही तो लावला, गच्चीवर रांग लागली, आठ-दहा जणांनी बघितलं. शेजारच्या काकू बघून बाजूला झाल्या, पुढचा मुलगा वाकणार तेवढ्यात आतून टक् असा बारीक आवाज आला. मी त्याला हाताने मागे ओढलं, नळी बाजूला फिरवली आणि आयपीस काढून बघितला तर काच आरपार तडकलेली. तो मुलगा आठ वर्षांचा होता. आज सहा वर्षं झाली तरी तो आवाज आठवला की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण अगदी साधं आहे. पुढच्या भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता जिथे एकवटते त्याच्या अगदी जवळ ती काच बसते, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तोच प्रकार, फक्त कागदाच्या जागी काच आणि काचेच्या मागे डोळा. डोळ्याची बाहुली अंधारात पूर्ण उघडते तशी ७ मिमी धरली तरी ७० मिमीचं भिंग तिच्या शंभरपट उजेड गोळा करतं, उन्हात तर बाहुली त्याहून बारीक असते. आणि डोळ्यातल्या पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणजे जळताना काहीच समजत नाही, काही तासांनी वाचायला बसलं की मधोमध डाग जाणवायला लागतो. त्यामुळे असा आयपीसला लावायचा सन फिल्टर तुमच्या जुन्या डब्यात सापडला तर फोडून टाका, असू दे म्हणून ठेवू नका, तुम्ही विसराल आणि घरातलं एखादं पोर शोधून काढेल.

त्याच दिवशी मग फिल्टरबिल्टर बाजूला ठेवून आम्ही आयपीसच्या मागे फूटभरावर पांढरा कागद धरला आणि त्यावर सूर्याची प्रतिमा पाडली, चंद्राने खाल्लेला सूर्य सगळ्यांना एकदम दिसला, सासूबाई ग्रहणात बाहेर येत नाहीत त्यासुद्धा जिन्याच्या दारातून बघून गेल्या. ही पद्धत चांगलीच आहे पण ती छोट्या रिफ्रॅक्टरला, साध्या आयपीसने, आणि नळीच्या आसपास कोणी वाकणार नाही ह्याची जबाबदारी घेणारं माणूस तिथे उभं असेल तरच. न्यूटोनियन किंवा मागून बंद असलेल्या आखूड नळीच्या टेलिस्कोपने हे करू नये, आतला दुय्यम आरसा आणि प्लॅस्टिकचे भाग तापतात, भारी आयपीसमध्ये चिकटवलेली भिंगं असतात तीही खराब होऊ शकतात.

तर मुद्दा असा की उजेड भिंगात शिरायच्या आधीच कापायचा. फिल्टर नेहमी पुढे, नळीच्या तोंडावर. ओडी ५ म्हणजे एक लाख भागांतला एक भाग आत येतो, बाकीचा बाहेरच राहतो, नळी आतून थंडच राहते. ह्याच कंपनीची ओडी ३.८ ची पण फिल्म येते, ती फक्त फोटोसाठी, तिच्यातून जवळजवळ सोळापट जास्त उजेड येतो आणि ती डोळ्यांनी बघायला वापरायची नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ५.० मागवली आणि पाकिटातून ३.८ निघाली. दिसायला दोन्ही चंदेरी, हातात घेऊन फरक कळत नाही, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं म्हणून लक्षात आलं. विक्रेत्याने बदलून दिली, वाद घातला नाही, पण न वाचता कापली असती तर? त्यामुळे पाकीट आलं की आधी आकडा वाचा, आणि कापल्यावर प्रत्येक तुकड्याच्या चौकटीवर लगेच मार्करने ‘५.० डोळ्यांसाठी’ असं लिहा, नंतर लिहू म्हणून ठेवू नका. किंमत सारखी बदलते म्हणून आकडा देत नाही, साधारण एका बऱ्या आयपीसएवढा खर्च धरा, आणि एका शीटमध्ये नीट कापलं तर दोन टेलिस्कोप आणि एक फाइंडर (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) आरामात होतात.

शीट उघडल्यावर पहिल्यांदा सगळ्यांचीच निराशा होते. ती डब्याला गुंडाळायच्या फॉइलसारखी पातळ, सुळसुळीत आणि थोडी सुरकुतलेली असते, एवढे पैसे ह्याचे? मलाही वाटलं होतं की ताणून गुळगुळीत केली पाहिजे. तसं करायचं नाही. ही फिल्म सैल, थोडी लाटालाटांची राहिली तरच चित्र चांगलं येतं, ताणली की चित्र बिघडतं आणि ताणामुळे कोटिंगला पण त्रास. सुरकुत्यांनी काही फरक पडत नाही हे मी दोन वर्षं बघतेय.

आता बसवणं. मी आधी वहीच्या कागदावर आखून घेतलं. २० बाय २९ च्या शीटमधून १५ सेंटिमीटरची पट्टी काढली, त्यातला १५ बाय १५ चा चौकोन न्यूटोनियनला, बाजूला उरलेली ५ सेंटिमीटरची पट्टी फाइंडरला, आणि राहिलेल्या १४ बाय २० मधून १० सेंटिमीटरचे दोन चौकोन, एक रिफ्रॅक्टरला आणि एक शिल्लक. कापताना फिल्म दोन साध्या कागदांच्या मध्ये ठेवायची आणि कागदासकट कापायची म्हणजे बोटांचे ठसे लागत नाहीत आणि कात्री सरळ जाते, पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, ती इतकी हलकी आहे की उडते. मग जाड पुठ्ठ्याच्या दोन सारख्या रिंगा, मध्ये फिल्म, डबल टेपने सँडविच. टेप फक्त रिंगवर, फिल्म टेबलावर सैल पडलेली असताना वरून रिंग हलकेच टेकवायची, ओढायची नाही.

रिंग झाली की तिला नळीवर बसेल अशी कॉलर लागते आणि इथे बरेच लोक घाई करतात. दोन सेंटिमीटरची कॉलर करून वर सेलोटेप मारतात. माझी पहिली कॉलर कार्डशीटच्या पट्ट्या नळीभोवती गुंडाळून फेविकॉलने एकावर एक चिकटवून केलेली होती, सहा-सात सेंटिमीटर खोल, घट्ट, तोंड खाली करून हलवली तरी पडायची नाही, मी खूष होते. जून गेला, जुलै गेला, ठाण्याची दमट हवा तुम्हाला माहितीये, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे कागद काय टिकणार, ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली म्हणून काढली तर कॉलर मऊ पडून सैल झालेली. वापरलीच नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपची एंड कॅप आणली, प्लंबर लोक वापरतात ती, तिच्या बुडाला भिंगाएवढं गोल भोक पाडून घेतलं, आतून फिल्मची रिंग बसवली आणि कडेला फोमशीटच्या पट्ट्या लावल्या म्हणजे नळीवर घट्ट सरकते. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, काही झालेलं नाही. न्यूटोनियनची नळी जाड म्हणून तिला प्लॅस्टिकच्या बरणीचं मोठं झाकण मिळालं, तोच प्रकार. वर दोन्हींना दोन बाजूंनी वेल्क्रोच्या पट्ट्या, एक टोक कॅपला एक नळीला. खाडीकडून वारा सुटला की तो विचारून येत नाही, आणि डोळा आयपीसला असताना पुढून फिल्टर उडाला तर सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून वेल्क्रो ही माझ्या दृष्टीने फिल्मइतकीच महत्त्वाची आहे.

प्रत्येक वेळी वापरायच्या आधी फिल्टर घरातल्या एलईडी बल्बसमोर धरून बघते, सूर्यासमोर नाही. एखादा सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकला तर त्याला काळ्या मार्करने बुजवता येतं, पण ओरखडा, चिरा किंवा बरेच ठिपके दिसले तर तुकडा कापून फेकायचा, ए-फोरमधला दुसरा तुकडा त्यासाठीच असतो. फिल्टर लावायचा तो नळी सूर्यापासून लांब फिरवलेली असताना, लावून झाल्यावर सूर्याकडे वळायचं, आणि काढताना आधी नळी वळवायची मग काढायचा. हा क्रम आमच्या घरी आता भाचासुद्धा मोठ्याने म्हणतो आणि म्हटल्याशिवाय मी त्याला हात लावू देत नाही.

फाइंडर! फाइंडर हा पण टेलिस्कोपच आहे हे लोक विसरतात. पुढे लाखमोलाचा फिल्टर आणि बाजूला छोटा फाइंडर उघडाच, कोणीतरी सवयीने त्यातून बघायला जातो, किंवा आपण वाकलेलो असताना त्याचा उजेड केसांवर नाहीतर शर्टावर पडून चटका बसतो. काढून ठेवा किंवा त्यालाही फिल्म लावा, मी लावलीये. पण खरं सांगायचं तर सूर्य शोधायला फाइंडर लागतच नाही, नळीची जमिनीवर पडलेली सावली बघायची, ती लांबोडकी असेल तर नळी अजून वाकडी आहे, हलवत हलवत सावली गोल आणि सगळ्यात लहान झाली की सूर्य जवळपास आलाच, मग २५ मिमीच्या आयपीसमधून बघितलं की उजेड दिसतो. ७० मिमीची माझी नळी ७०० मिमी फोकसची आहे, म्हणजे २५ च्या आयपीसला २८ पट, सूर्य त्यात आरामात मावतो, आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा आहे. १० मिमीला ७० पट होतं, तेव्हा तो कडेपर्यंत भरतो आणि हाताने फिरवायच्या ट्रायपॉडवर सारखा पळतो, त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला त्याला दोन मिनिटांहून थोडंच जास्त लागतं. नवीन माणसाला २८ पटच दाखवा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सूर्य पिवळा-केशरी दिसणार. ह्या फिल्ममधून तो पांढरा दिसतो, किंचित निळसर झाक म्हटली तरी चालेल. ठाण्यातल्या उपवन तलावावर एक आजोबा रोज फिरायला येतात, त्यांनी पहिल्या दिवशी लांबूनच विचारलं, “ताई, सूर्याकडे दुर्बीण लावू नये म्हणतात ना?” म्हटलं बरोबर म्हणतात काका, पण पुढे बघा काय लावलंय, हात लावून बघा, मग डोळा लावा. ते वाकले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “पांढरा आहे की! आणि ते तीळ कसले?” खरं तर सूर्याचा उजेड पांढराच, केशरी तो मावळताना हवेमुळे होतो, आणि काही काळ्या पॉलिमरच्या फिल्टरमधून केशरी दिसतो तो त्या फिल्टरचा रंग. केशरी आवडणाऱ्यांनी तो घ्यावा, वाईट नाही, पण कडेजवळचे उजळ पट्टे, ज्यांना फॅक्युली म्हणतात, ते मला पांढऱ्या चित्रात जास्त सहज सापडतात.

तीळ म्हणजे सौरडाग. मोठा डाग असेल तर मधला काळा भाग आणि भोवतीची राखाडी झालर वेगवेगळी दिसते, ७० मिमीलासुद्धा. तो भाग काळा दिसतो म्हणजे थंड नाही, साडेतीन-चार हजार अंश असतोच, आजूबाजूचा साडेपाच हजार आहे म्हणून त्याच्यापुढे काळा वाटतो. पृथ्वीच्या शेजारी सूर्य ठेवला तर आडव्या रेषेत १०९ पृथ्व्या लागतात, त्यामुळे आयपीसमध्ये जेमतेम ठिपका दिसणारा डाग आपल्या पृथ्वीएवढा असतो, हे मी सगळ्यांना सांगते आणि सांगताना मलाही दर वेळी अंगावर काटा येतो. कड मधल्या भागापेक्षा काळपट दिसते, त्यामुळे ती चकती न वाटता चेंडू वाटतो, हे फोटोत इतकं जाणवत नाही जितकं डोळ्याने जाणवतं.

आता जागेबद्दल, कारण फिल्मचं खरं काम कळलं ते जागा बदलल्यावर. आमच्या गच्चीला अर्ध्या भागात पत्र्याची शेड आहे, उरलेला कोबा, सकाळी नऊनंतर दोन्ही असे तापतात की सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरते आणि डाग वाहून जातात असं वाटतं. मी पहिले दोन महिने फिल्मलाच दोष देत होते. मग वाचलं की उदयपूरची सौर वेधशाळा, १९७५ पासूनची, फतेहसागर तलावाच्या मधल्या बेटावर बांधलीये, कॅलिफोर्नियातली बिग बेअर वेधशाळा पण तलावातच आहे, कारण पाणी जमिनीसारखं पटकन तापत नाही आणि त्यावरची हवा शांत राहते. अरे, आपण तलावांच्या गावात राहतो आणि पत्र्याखाली काय बसलोय! पुढच्या रविवारी रिफ्रॅक्टर रिक्षात घालून उपवनला नेला, पाणी समोर आणि सूर्य पाण्याच्या पलीकडे अशी जागा बघून साडेसातला लावला, आणि जो फरक दिसला तो कुठल्याही महागड्या आयपीसने दिसला नसता. कड रेखीव, झालरीत बारीक रेषा असल्याचा अंदाज येत होता. नंतर १३० मिमीचा नेला तेव्हा त्या रेषा अधूनमधून क्षणभर खरंच दिसल्या. गच्चीवर मात्र १३० चा काही फायदा नाही, तिथे त्याच्या झाकणातल्या छोट्या भोकाला फिल्म लावून बाकीचं झाकण बंद ठेवून बघितलं तरी तेवढंच दिसतं, किंबहुना जरा शांत दिसतं.

मासुंदा तलावाच्या काठी पण प्रयत्न केला, पण तिथे सकाळपासून गर्दी असते, आणि गर्दीत टेलिस्कोप सोडून पाण्याची बाटली आणायला पण जाता येत नाही. जाऊच नये. सूर्याकडे वळवलेला टेलिस्कोप एक मिनिटही एकटा सोडायचा नाही, फिल्टर असला तरी नाही, कारण पोरं झाकण दिसलं की काढतात, त्यांचा दोष नाही. जायचंच असेल तर नळी खाली करा, आयपीस काढून खिशात घाला.

ह्या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे ११ मे २०२४, शनिवार. आदल्या रात्री लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं होतं, ध्रुवीय प्रकाश आपल्या देशातून कॅमेऱ्यात आला होता आणि तो ज्या डागांच्या समूहामुळे आला तो, ३६६४ नंबरचा, अजून सूर्यावर समोर होता. सकाळी गच्चीवरच लावला, उपवनला जायचाही धीर नव्हता. आडवा पसरलेला तुटकतुटक काळा पट्टा, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण पंधरा पृथ्व्या मावतील एवढा. प्रमाणित ग्रहणचष्म्यातून, टेलिस्कोपशिवाय, नुसत्या डोळ्याने सुद्धा तो ठिपका दिसत होता. मजल्यामजल्यावरून लोक आले, शेजारच्या काकू पण आल्या, २०१९ वाल्याच, आणि त्यांनी आधी पुढे येऊन फिल्टर घट्ट आहे ना ते हाताने तपासलं आणि मगच डोळा लावला. मला फार बरं वाटलं.

रोज बघायचं काय, हा प्रश्न येतो. मी वहीत एक गोल काढते आणि डाग टिपते, समूह किती आणि एकूण डाग किती. समूहांना दहाने गुणायचं आणि त्यात डाग मिळवायचे, म्हणजे ४ समूह आणि २३ डाग असतील तर ६३, ही पद्धत रुडॉल्फ वुल्फने १८४८ मध्ये सुरू केली आणि अजून तीच चालते. मग घरी येऊन नासाच्या एसडीओ यानाचं त्याच दिवसाचं चित्र उघडून ताडून बघते, सुरुवातीला निम्मे डाग सुटायचे, आता कमी सुटतात. एखादा समूह पूर्वेच्या कडेवरून आत आला की तेरा-चौदा दिवसांनी पश्चिमेला मावळतो, तो रोज थोडा सरकलेला बघणं ह्यात जी मजा आहे ती एका फोटोत नाही. रिफ्रॅक्टरच्या डायगोनलमधून (आयपीसच्या आधी बसवलेला तिरका आरसा) डावं-उजवं उलटं दिसतं त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो, त्यावर उपाय म्हणजे नळी न हलवता सोडून द्यायची, सूर्याची जी कड आधी बाहेर जाईल ती पश्चिम. सध्याचं सौरचक्र, म्हणजे डाग वाढण्या-कमी होण्याचा फेरा, पंचविसावं, डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने सूर्य कमाल टप्प्यात असल्याचं जाहीर केलं, म्हणजे आता हळूहळू डाग कमी होत जाणार, तेव्हा घ्यायची असेल तर फार थांबू नका. पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्र संस्थेत बनलेली स्यूट दुर्बीण आदित्य एल-१ ह्या भारतीय यानावरून सूर्य अतिनील प्रकाशात बघतेय, भाच्याला मी सांगते की तू त्याच सूर्याचं तुझं टिपण ठेवतोयस.

दुसरे पर्याय थोडक्यात. हर्शेल वेज म्हणून प्रिझमचं एक साधन येतं, चित्र फिल्मपेक्षा सरस, पण ते फक्त रिफ्रॅक्टरला, फिल्मच्या कितीतरी पट महाग, आणि त्यात मागे योग्य तेच फिल्टर लावावे लागतात, नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. हायड्रोजन-अल्फाचे वेगळे टेलिस्कोप असतात, ६५६.२८ नॅनोमीटरच्या लाल रंगातच बघणारे, त्यातून कडेवरच्या ज्वाळा दिसतात, एका ओळखीच्यांच्या टेलिस्कोपमधून मी एकदाच बघितलंय आणि विसरणार नाही, पण त्याची किंमत सगळ्यांच्या आवाक्यातली नाही. आमच्या फिल्ममधून ज्वाळा दिसत नाहीत हे घ्यायच्या आधी माहीत असू द्या, काही जण ती अपेक्षा ठेवून घेतात.

आणि जे अजिबात नको ते. एक्स-रे फिल्म, सीडी, काळी केलेली काच, गॉगलवर गॉगल, काही नको. वेल्डिंगची १४ नंबरची काच नुसत्या डोळ्याला चालते, टेलिस्कोपला कुठेच नाही. आणि ग्रहणचष्मा घालून टेलिस्कोपमध्ये किंवा दुर्बिणीत बघणं हा प्रकार मी एकदा कार्यक्रमात माझ्या डोळ्यांनी बघितलाय, धावत जाऊन थांबवलं. तो चष्मा साध्या उन्हासाठी आहे, भिंगाने एकवटलेलं ऊन त्याला क्षणात जाळून आरपार जातं.

ठेवण्याबद्दल एवढंच की फिल्म पुसायची नाही, धूळ असेल तर हातपंपाने हवा मारायची, तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे थेंब बसतात. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, वर काही दाबून न ठेवता. पुड्या महिन्या-दीड महिन्याने बदलते.

तो १० सेंटिमीटरचा शिल्लक चौकोन अजून कापलेला नाही. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे, इजिप्तमध्ये लक्सरला ते सहा मिनिटांहून जास्त खग्रास असणार. ठाण्यात ऑगस्ट म्हणजे ढगच, पण ढगांना फटी असतात आणि तेवढ्या फटीत धावपळ नको म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्सचा फिल्टर ह्या चौकोनातून आधीच करून ठेवणार आहे, डब्यावर तारीख लिहून ठेवलीये.